महिनाभराची मुदत

मुनोत वकिलांनी पेन खाली ठेवलं आणि भास्करला विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

भास्कर हिवाळे एसटीत ड्रायव्हर होता. दुपारच्या फेरीवर जायचं म्हणून खाकी कपड्यांतच आला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"त्या माणसाला शिक्षा व्हायला हवी," मीच म्हणालो.

"मी त्यांना विचारतोय, पाळकसाहेब."

"तेच," भास्कर म्हणाला. "साहेब म्हणतात तेच."

ही ऑक्टोबर चौऱ्याऐंशीची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा पाळक होतो, वय छत्तीस. आमची मंडळी लहान, दीडशे घरांची. मिशनच्या आवारात चर्च, शाळा, छोटासा दवाखाना आणि कौलारू घरांच्या दोन ओळी. भास्करची बायको सगुणा दवाखान्यात नर्स होती. सगळे तिला सगुणा सिस्टर म्हणत. शाळेतले चित्रकलेचे शिक्षक बेंजामिन पारखे रविवारी उपासनेला पेटी वाजवत. सगुणा आणि पारखे मास्तर यांच्यात जे घडू नये ते घडलं होतं, आणि त्यासाठी आम्ही दोघं वकिलांकडे आलो होतो.

मुनोतांनी आम्हाला कायदा समजावून सांगितला. पोलीस ही तक्रार घेत नाहीत, सरळ कोर्टात फिर्याद द्यावी लागते. ती फक्त नवराच देऊ शकतो. गुन्हा शाबीत झाला तर त्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद.

"आणि तिला?" भास्करनं विचारलं.

"तिला काही नाही. ती आरोपीच नाही."

भास्करनं श्वास सोडला. मला मात्र ते पटलं नाही. मी म्हणालो, "असं कसं? आमच्या शास्त्रात दोघंही दोषी आहेत."

मुनोत हसले. जैन माणूस, वयानं माझ्या वडिलांएवढा. "पाळकसाहेब, हे कलम तुमच्या शास्त्रावरून केलेलं नाही. तिच्या जागी एखादी विधवा असती, तर हा गुन्हाच नव्हता. इतकंच कशाला, ह्यांनी मास्तरांना परवानगी दिली असती तरी गुन्हा नव्हता."

"कसली परवानगी?" भास्कर म्हणाला.

"बायकोची."

भास्करचे कान लाल झाले. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"कायदा पापाचा विचार करत नाही," मुनोत म्हणाले. "एकाच्या हक्काच्या जागेत दुसरा त्याला न विचारता शिरला, एवढंच तो बघतो. आता तुम्हीच ठरवा."

मला तेव्हाच उठून जाता आलं असतं. पण मी म्हणालो, "अपुरा असेल, पण कायदा आहे ना? जेवढा आहे तेवढा तरी वापरू."

कारण त्या वर्षी मी हेच सांगत होतो. सबंध उन्हाळाभर मी दहा आज्ञांवर प्रवचनं केली होती. चोरी करू नको म्हणतो देव, आणि चोराला पोलीस धरतात. खून करू नको म्हणतो, खुन्याला फाशी होते. मग व्यभिचार करू नको म्हणणाऱ्या सातव्या आज्ञेनंच काय घोडं मारलंय? ती मोडणाऱ्याला आपण फार तर सहा महिने प्रभुभोजनाला येऊ देत नाही. तो मागच्या बाकावर बसतो आणि सातव्या महिन्यात पुन्हा पुढे. ज्या देशात देवाच्या आज्ञेमागे काठी नाही, त्या देशात ती आज्ञा भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी होते, असं मी व्यासपीठावरून म्हणालो होतो. लोकांना ते आवडलं होतं. मंडळीतल्या वडीलजनांपैकी दोघांनी दारात माझा हात हातात घेऊन दाबला होता.

"साक्षीदार कोण?" मुनोतांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो. "सगुणाबाईंनी माझ्याजवळ कबूल केलंय."

"त्यांचं बोलणं मास्तरांविरुद्ध फारसं उपयोगी नाही. मास्तर काही बोललेत?"

"ते उद्या बोलतील."

मुनोतांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पेन उचललं.

*

पारखे मास्तरांना मी दुसऱ्या दिवशी चर्चमागच्या खोलीत बोलावलं. चाळिशीचा, एकटा माणूस. बायको लग्नानंतर चार वर्षांत क्षयानं गेली होती. बोटांना नेहमी कसला ना कसला रंग लागलेला असायचा.

मी विचारलं आणि ते लगेच "हो" म्हणाले. मला वाटलं होतं, नाकारतील. नाकारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं.

"माझं चुकलं, पाळकसाहेब. मंडळी जी शिस्त लावेल ती मला कबूल आहे. सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा. पेटी सोडतो. बदली मागून जातो. फक्त सिस्टरांचं नाव बाहेर येऊ देऊ नका."

"ते आता माझ्या हातात नाही," मी म्हणालो.

ते माझ्याच हातात होतं. भास्करला काय, मी म्हटलं असतं तर तो गप्प बसला असता. मास्तरांचं हे कबूल करणं मी घरी येऊन तारखेसकट कागदावर लिहून काढलं. विसरायला नको म्हणून.

माझी बायको शशिकला तेव्हा स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं, पण आवारात काय लपतं? तिनं विचारलं, "अहो, खरंच कोर्टात जाणार तुम्ही?"

"भास्कर जातोय."

"भास्करभाऊ स्वतःच्या चपला घ्यायलाही सगुणाला विचारून जातात. ते कशाला कोर्टात जातील?"

"पाप झालंय, शशी."

"झालंय की. मी कुठं नाही म्हणते?" तिनं जुडी बाजूला ठेवली. "पण सगुणा रडत तुमच्याकडे आली होती ना? मी पाहिलं तिला जाताना. कोर्टातल्या साहेबाकडे गेली नव्हती ती."

"तुला यातलं कळत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडू लागली. पुढचे कित्येक महिने ती त्या विषयावर माझ्याशी बोलली नाही. बाकी सगळ्यावर बोलायची.

नोव्हेंबरात फिर्याद दाखल झाली. मास्तरांना समन्स शाळेतच आलं, सहावीच्या वर्गासमोर. संस्थेनं त्यांना दुसऱ्याच दिवशी निलंबित केलं. मग गावाला कळलं, आणि गावाचं बोलणं मास्तरांपाशी थांबलं नाही. दवाखान्यात पेशंट सगुणाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. एकानं इंजेक्शन घेताना तिला काहीतरी विचारलं, ते मी लिहू शकत नाही. शाळेत तिच्या मुलीला, सात वर्षांच्या कृपाला, मैत्रिणींनी डबा खाताना उठवलं.

कायद्यानं सगुणा आरोपी नव्हती. तिच्यावर समन्स नव्हतं, तिला वकील नव्हता, तिला तारीख नव्हती. तिला कुणी काही विचारलंच नाही. आणि शिक्षा तिची आधी सुरू झाली.

डिसेंबरात ती कृपाला घेऊन जालन्याला भावाकडे निघाली. जाण्याआधी आमच्या घरी आली, ती शशिकलाला भेटायला. दवाखान्याच्या कपाटाच्या किल्ल्या द्यायच्या होत्या. दोघी आत बराच वेळ बसल्या. मी बाहेरच्या खोलीत प्रवचनाची टिपणं काढत असल्याचं दाखवत होतो. ती बाहेर आली तेव्हा मी उभा राहिलो.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "मी तुमच्याकडे आले होते."

एवढंच. आवाजात राग नव्हता. एखाद्या दुकानदाराला आपण सांगतो, तुमच्याच दुकानातून नेलं होतं हे, तसं म्हणाली. मग कृपाचा हात धरून पायऱ्या उतरली.

*

माझी साक्ष लागायला शहाऐंशीचा फेब्रुवारी उजाडला. तोवर तारखांवर तारखा पडल्या होत्या. आमचं कोर्ट म्हणजे जुन्या कचेरीतल्या तीन खोल्या. मॅजिस्ट्रेट पन्नाशीचे होते, त्यांना सर्दी झाली होती. सारखा रुमाल नाकाला लावत. त्यांच्या डाव्या हाताला टंकलेखक बसला होता. साक्षीदार जे बोलेल ते मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या भाषेत पुन्हा सांगत आणि तो टाइप करत असे. त्यामुळे आपलं वाक्य आपल्यालाच दोनदा ऐकावं लागे.

भास्कर पुढच्या बाकावर बसला होता. त्याची साक्ष आधीच झाली होती. वर्षभरात तो वाळला होता. पारखे मास्तर आरोपीच्या जागी हात बांधून उभे होते. बोटांवर रंग नव्हता.

मी ईश्वरासमक्ष खरं सांगेन अशी शपथ घेतली. मुनोतांनी विचारलं, मी सांगितलं. मास्तरांनी कबूल केलं ती तारीख, ती जागा, ते शब्द. मला सगळं पाठ होतं. मी समाधानानं घाम पुसला.

मग मास्तरांचे वकील बार्शीकर उठले. सावकाश बोलणारा माणूस.

"पाळकसाहेब, सगुणाबाई तुमच्याकडे आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं होतं?"

"नाही. स्वतःहून आल्या."

"कधी?"

"सव्वीस सप्टेंबर. बुधवारच्या प्रार्थनेनंतर."

"तोवर गावात कुणाला काही माहीत होतं?"

"नाही."

"त्यांच्या यजमानांना?"

"नाही."

"मग आल्या कशासाठी?"

मुनोत उठले. ऐकीव गोष्ट आहे, म्हणाले. मॅजिस्ट्रेटनी रुमाल खाली घेतला. "साक्षीदार तुमचाच आहे. विचारू द्या."

"मी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून," मी म्हणालो.

"त्या दिवशी हे संबंध चालू होते?"

मी मास्तरांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

"नाही. त्या म्हणाल्या, मे महिन्यातच थांबलं."

"कुणी थांबवलं?"

"त्यांनी."

समोरच्या बाकावर भास्करनं मान वर केली.

"प्रार्थनेशिवाय आणखी काही मागितलं त्यांनी तुमच्याकडे?"

या प्रश्नाची मला वर्षभर भीती होती. शपथ घेतली नसती तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

"वेळ," मी म्हणालो.

"किती?"

"एक महिना."

"कशासाठी?"

"नवऱ्याला त्या स्वतः सांगणार होत्या. मुलीची सहामाही परीक्षा झाली की. तोवर मी कुणाला सांगू नये, असं म्हणाल्या."

"तुम्ही काय म्हणालात?"

"ठीक आहे म्हणालो."

"आणि फिर्यादीला तुम्ही कितव्या दिवशी सांगितलंत?"

"अकराव्या."

टंकलेखकाचं यंत्र खडखडत होतं. बार्शीकर ते थांबेपर्यंत थांबले.

"सांगताना, हे सगळं मेमध्येच संपलंय हे सांगितलंत?"

"नाही."

"ते त्यांनी आपणहून संपवलं, हे?"

"नाही."

"त्या स्वतः सांगणार आहेत, थोडं थांबा, असं?"

मॅजिस्ट्रेट माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली.

"मान हलवलेली लिहिता येत नाही," ते म्हणाले. "तोंडानं सांगा."

"नाही. नाही सांगितलं."

मॅजिस्ट्रेट टंकलेखकाकडे वळले आणि सर्दीनं भरलेल्या आवाजात म्हणाले, "सदर बाब मी फिर्यादीस सांगितली नाही."

ते वाक्य टाइप होत असतानाच भास्कर उभा राहिला. शिपायानं त्याला खाली बसायची खूण केली. तो बसला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "मला ही केस नको."

मुनोतांनी त्याची बाही ओढली. त्यानं ती सोडवून घेतली.

"मला चालवायची नाही केस. काय करावं लागतं?"

मॅजिस्ट्रेट भास्करला म्हणाले, "कुणी दबाव आणला का तुमच्यावर?"

"आता नाही," भास्कर म्हणाला.

तसा अधिकार नवऱ्याला होता. त्यानं तडजोड मागितली तर खटला तिथंच संपे. अर्ज लिहायला, सह्या व्हायला दुपार गेली. मास्तर सुटले. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना ते भास्करसमोर थांबले. मग मास्तर रस्त्यानं चालू लागले. त्या आठवड्यात त्यांनी गाव सोडलं. संस्थेनं त्यांना परत घेतलं नाही. नंतर ते नागपूरकडे कुठे पाट्या रंगवायचं काम करतात, असं ऐकलं. त्यापलीकडे मला त्यांचं काही कळलं नाही, आणि मी शोधही घेतला नाही.

भास्कर कडुलिंबाखाली उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो.

"का नाही सांगितलंत?" त्यानं विचारलं.

मी त्याला काहीतरी सांगितलं. काय ते आठवत नाही, खोटंच असणार. खरं काय होतं ते इथं लिहितो.

सगुणा आली त्यानंतरचा दुसरा रविवार सात ऑक्टोबरचा. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा. मास्तर पेटीवरून उठून रांगेत आले. मी त्यांच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. चार माणसं सोडून सगुणा होती. तिनं प्याला घेताना माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विश्वास होता, आज मला ते नीट कळतं. तेव्हा मला तो उद्दामपणा वाटला. हे दोघं माझ्या हातून घेतायत आणि मला गप्प बसावं लागतंय. पूर्ण उन्हाळा मी ज्याच्याविरुद्ध ओरडत होतो, ते माझ्याच रांगेत उभं होतं आणि मी त्याचा राखणदार झालो होतो. मला देवासाठी राग आला, असं मी स्वतःला सांगितलं. राग माझ्यासाठी होता. उपासना संपल्यावर मी भास्करला बाजूला घेतलं. अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं सांगितलं असतं, तर शिक्षा देण्यासारखं काही उरलंच नसतं.

*

भास्कर जालन्याला तीनदा जाऊन आला. सगुणा आली नाही. चौथ्या खेपेला तिनं अट घातली, त्या आवारात पाय ठेवणार नाही. भास्करनं दुसऱ्या डेपोला बदली मागितली, दोन वर्षांनी मिळाली. मग ती आली. हे मला शशिकलाकडून कळत गेलं. त्या दोघींची पत्रं चालू होती.

मी एकदा नगरहून येताना भास्करच्याच गाडीत बसलो. नव्वद साल असेल. तो ड्रायव्हर आहे, हे मला चढल्यावर कळलं. घोडेगावला गाडी चहाला थांबली. त्यानं स्वतः दोन चहा आणले आणि एक मला दिला.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"चाललंय. कृपा सातवीत आहे." त्यानं चहा फुंकला. "ती बोलते सगळं. हसते पण. पण एखाद्या दिवशी दुपारी अशीच दाराशी उभी राहते. मी काही विचारत नाही."

"भास्कर, मी..."

"तुम्ही थांबला असतात ना, तर तिनंच सांगितलं असतं मला. मी ओरडलो असतो. कदाचित हात पण उचलला असता, मी काही देव नाही. चार दिवस जेवलो नसतो. पण ते आमच्या घरात झालं असतं, साहेब. आता काय, त्याची नक्कल कोर्टात आहे. कुणीही अर्ज करून वाचावी."

कंडक्टरनं घंटी दिली. तो उठला, माझा रिकामा ग्लास हातातून घेऊन टपरीवर ठेवून आला.

मी पुढे वीस वर्षं पाळक होतो. बाप्तिस्मे केले, लग्नं लावली, माणसं पुरली. माझी प्रवचनं लोक ऐकत. पण चर्चमागच्या खोलीत बुधवारच्या प्रार्थनेनंतर कुणी आलं नाही. दुसऱ्या गावी बदली झाली, तिथंही नाही. अशा गोष्टी माणसांच्या आधी पोचतात. मी दार उघडं ठेवून बसायचो. शेवटी शेवटी तिथं उपासनेच्या जादा खुर्च्या ठेवायला लागलो.

दोन हजार अठराच्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं ते कलम रद्द केलं. पुढच्याच महिन्यात एक तरुण पाळक, रेव्हरंड अमोल शिनगारे, माझ्या नगरच्या घरी आला. त्याच्या हातात निवेदन होतं. कलम परत आणा, आणि या वेळी स्त्रीपुरुष दोघांनाही शिक्षा ठेवा, असं. खाली बऱ्याच सह्या होत्या.

"ज्येष्ठ म्हणून तुमची पहिली हवी होती, पण तुम्ही फोन उचलत नाही," तो हसत म्हणाला.

मी वाचून परत दिलं. "मी नाही करणार सही."

"का, सर? पाप आहे ना हे?"

"आहे."

"आज्ञा आहे ना?"

"आहे."

"मग देशाच्या कायद्यानं तिला पाठिंबा दिला तर वाईट काय?"

मी थकलो होतो. शशिकला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मला त्याला सगळं सांगता आलं असतं. तो वाईट मुलगा नव्हता. छत्तिसाव्या वर्षी मी जसा होतो तसाच होता, त्याच्यापेक्षा मी जास्त ताठर होतो उलट.

"तुझ्याकडे येतात का रे लोक?" मी विचारलं. "एकटे. काही सांगायला."

"येतात की."

"मग ती जागा सांभाळ. कोर्टाला त्याचं त्याचं काम आहे. चोऱ्या आहेत, मारामाऱ्या आहेत."

त्याला ते उत्तर वाटलं नाही. चहा पिऊन तो गेला.

*

त्यानंतरच्या जानेवारीत, सकाळी साडेनवाच्या सुमारास, दारात एक बाई उभी होती. पांढरे केस, स्वेटर, पायात कापडी बूट. मी ओळखलं नाही.

"सगुणा हिवाळे," ती म्हणाली.

मी तिला आत बोलावलं. ती आली, पण खुर्चीच्या कडेवर बसली. तिचं घर आता शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. भास्कर आदल्या संध्याकाळी गेला होता. गेले दोन महिने लिव्हरचा त्रास होता. कृपा पुण्याहून निघाली होती, दुपारी चारला माती द्यायची होती.

"त्यांची इच्छा होती," ती म्हणाली, "की माती तुम्ही द्यावी."

"माझ्या हातून?"

"हो. मागच्या आठवड्यात दोनदा म्हणाले. का ते सांगितलं नाही. मी विचारलं होतं."

मी तिच्याकडे बघत राहिलो. सव्वीस सप्टेंबरला ती अशीच बसली होती, कडेवर. तेव्हा मी तिला पाणीसुद्धा दिलं नव्हतं. आता उठून दिलं. तिनं पेला हातात धरला, प्याली नाही.

"सगुणाबाई, तुम्हाला चालेल का?"

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. ती पेल्यात बघत होती.

"मला कुणी विचारलं नव्हतं तेव्हा," ती म्हणाली. "तुम्ही नाही, वकिलांनी नाही, कोर्टानं नाही. ह्यांनीही केस घालताना विचारलं नाही. माझ्यावरच चालली होती सगळी, आणि मी त्यात कुठंच नव्हते."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत असणार." ती थांबली. "नाही. मला चालणार नाही. तुम्ही माझ्या नवऱ्याच्या कबरीपाशी उभे राहावं, असं मला वाटत नाही. आज विचारलंत म्हणून सांगते."

मी मान डोलावली. अमोल शिनगारेचा नंबर देतो, चांगला मुलगा आहे, असं म्हणालो. चष्मा शोधायला उठलो.

"थांबा," ती म्हणाली. "मला चालणार नाही हे मी सांगितलं. तुम्ही येऊ नका असं नाही म्हणाले. ते गेलेत, त्यांचा शब्द ठेवायचाय मला. चारला या."

तिनं पाणी प्यायलं, पेला नीट टेबलावर ठेवला आणि गेली.

मी कपाटातून झगा काढला. बरीच वर्षं घातला नव्हता, खांद्यावर पिवळा पडला होता. इस्त्री केली. साडेतीनला रिक्षा करून कब्रस्तानात गेलो. वीस-पंचवीस माणसं होती, डेपोतले तीन जुने ड्रायव्हर होते. कृपा आईच्या शेजारी उभी होती. चाळिशी ओलांडलेली, भास्करसारखंच कपाळ. तिनं मला नमस्कार केला नाही.

मी प्रार्थना म्हटली. शवपेटी उतरवली. मूठभर माती टाकायची असते ती मी टाकली आणि बाजूला झालो. सगुणा पुढे आली, वाकली, ओंजळ भरून माती टाकली. उठताना तिला आधार लागला. सगळ्यात जवळ मी होतो. मी हात पुढे केला नाही, तिनं मागितला नव्हता. ती कृपाची वाट बघत तशीच अर्धी वाकून राहिली, आणि कृपा येऊन तिला उठवेपर्यंत मी तिथंच उभा होतो.